वाडग्यातला गुलाबी गोळा

मंगळवार, १२ नोव्हेंबर १९९१

आज पुन्हा कवळीच्या मापाची महागडी पावडर कालवता कालवता वाडग्यातच घट्ट झाली. अख्खा गुलाबी गोळा कचऱ्यात! असं चाललं तर दवाखान्याला नफा कसला? मदतनीस मंदाताईंवरच चिडलो, "पाणी गरम घेतलंत ना?"

राई गावच्या त्या, ऐकून थोड्याच घेणार! "पाणी गारच हाय, डॉक्टर. पेशंटबरोबर तुमच्या गप्पा थांबत न्हाय, मग पावडर कशी थांबंल?"

खरंय की!

पुढचे नवघरचे आजोबा. या वेळी मी तोंड गच्च मिटून कालवलं. माप पहिल्या झटक्यात, गोळ्याचं नाव नाही! मी खूश. आजोबा मात्र जाताना मंदाताईंना हळूच विचारत होते, "डॉक्टर एकदम गप्प झाले... मला काही मोठं तर नाही ना निघालं?"