पोरींची जागा

अप्पा, पोरींचं वसतिगृह रिकामं झालं. हे आधीच सांगून टाकते, कारण आडवळणानं बोललेलं तुम्हाला कधी खपलं नाही. अशील येऊन पणजोबांपासून कथा लावायला लागलं की तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवायचात आणि म्हणायचात, “झालं काय, ते सांगा आधी.” तर झालं ते एवढंच. उमरग्यातली हमरस्त्यावरची तुमची जागा, तुम्ही बांधलेल्या खोल्या, मागची विहीर, सगळं जागच्या जागी आहे. पोरी तेवढ्या नाहीत. आज रविवार, कोर्टाला सुट्टी. जेवणं उरकून तुमच्याच बैठकीत, तुमच्याच खुर्चीत बसून हे लिहितेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की माझे केस आता तुमच्यापेक्षा जास्त पांढरे झालेत.

ही बैठक सकाळी कशी भरायची ते अजून दिसतं मला. धरणात जमिनी गेलेली माकणीकडची माणसं, वाटणीवरून भांडत आलेली बेंबळीची भावकी, सीमेपलीकडचे कानडी बोलणारे व्यापारी, सगळे भिंतीला टेकून बसलेले. तुम्ही कायदा मराठीत समजावता आणि शिव्या मात्र कानडीत देता. आत स्वयंपाकघरात आई एका चुलीवर भाकरी करतेय आणि दुसरीवर भाताच्या पेजेत तुमच्या गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांना खळ देतेय. मी वकील झाले तेव्हा तशाच दोन कडक पट्ट्या तुम्ही माझ्या हातात ठेवल्यात. “ह्या मळल्या तर धुता येतील,” म्हणालात, “नाव मळलं तर धुता येत न्हाय.” मी तेव्हा खाली वाकून नमस्कार केला होता. आज ते वाक्य आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

आणि तो दिवस. मी नवीकोरी वकील. दोन भावांचा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कज्जा होता. समोरच्या भावानं बैठकीत उभं राहून महादेवाची शपथ घेतली, पाणी अडवणार नाही म्हणाला, आणि मी आपल्या अशिलाला खुशीत घरी पाठवून दिलं. तुम्ही कोर्टातून आलात, ऐकलंत आणि भरल्या बैठकीत विचारलंत, “कागद कुठाय?” मी म्हटलं, “अप्पा, देवाची शपथ घेतली की त्यानं.” “व्हय का? मग देव येतो का साक्षीला? पट्टेवाल्याला सांगून पुकारा करून बघ एकदा.” सगळी बैठक हसली. मी आत जाऊन चुलीपाशी रडत बसले. आईनं गरम भाकरीचा पापुद्रा सोलला, त्यावर तेल-चटणी घातली आणि माझ्या हातावर ठेवला. पुढं आयुष्यभर मी कुणाच्याही तोंडच्या शब्दावर विसंबले नाही. फक्त तुमच्या शब्दावर विसंबले.

वसतिगृहाची सुरुवात तर ह्याच घरात झाली. एक मेंढपाळ भूसंपादनाच्या कामासाठी तुमच्याकडं यायचा. एकदा पोरीला सोबत घेऊन आला. तुम्ही दोघं बोलत होता आणि ती पोरगी कोपऱ्यात बसून रद्दीतल्या पेपरातलं मोठ्यानं वाचत होती. तुम्ही विचारलंत, “कितवीला हाय?” तो म्हणाला, “सातवी झाली, साहेब. आता फुडं शाळा न्हाय गावात. आमी मेंढरामागं हिंडणारी मानसं, हिला ठेवावं कुठं?” तुम्ही आत वळून आईला हाक मारलीत, आणि त्या दिवसापासून ती पोरगी माझ्या अंथरुणात झोपायला लागली. पुढच्या वर्षी आणखी काही आल्या. आई म्हणाली, “आवं, तुम्ही अशिलाकडनं फी घेता का पोरी घेता?” तुम्ही जोरात हसलात. पण घर पुरेना, तेव्हा ऑफिस बांधायला म्हणून घेतलेल्या हमरस्त्यावरच्या जागेत तुम्ही पोरींसाठी खोल्या बांधल्यात, संस्था काढलीत, आणि वकिली हळूहळू नावापुरती उरली. त्या वेळी गाव हसत होतं तुम्हाला. नंतर त्याच गावानं तुम्हाला हात धरून निवडणुकीला उभं केलं.

राजकारणात तुम्ही वाईट होता असं कुणीच म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. नगराध्यक्ष झालात आणि रस्ता रुंद करायचा ठरला, तेव्हा पहिला हातोडा आपल्याच ओट्यावर पडला. आई त्या ओट्यावर बसून ज्वारी निवडायची, शेजारणींशी बोलायची. बाहेरचं जग म्हणून तिला तेवढंच होतं. तिनं फक्त विचारलं, “शेवटाला पाडला असता तर चाललं नसतं का?” तुम्ही म्हणालात, “मग लोकांनी बोट दाखवलं असतं.” अप्पा, आमचं सगळं घर तुमच्या ह्या एका वाक्यावर चालायचं. लोकांनी बोट दाखवता कामा नये. धाकट्याचा बारावीनंतरच्या प्रवेशाचा अर्ज तुम्ही ओळखीच्या प्राचार्यांकडं नेला नाहीत, थोरल्याच्या नोकरीसाठी एक शब्द टाकला नाहीत. पोरींच्या फीसाठी मात्र दारोदार गेलात. ते बरोबरच होतं. पण बरोबर असलेलं सगळं पोरांच्या पचनी पडतंच असं नाही.

मला सांगायचं आहे ते कागदाचं. जागा तुमच्या नावावर, खोल्या संस्थेच्या. आई अडाणी, पण वकिलाची बायको. तिलाही कळत होतं. “ती जागा पोरींच्या नावानं करून टाका एकदाची,” ती म्हणायची. पहिल्या निवडणुकीआधी तुम्ही म्हणालात, “आत्ता केलं तर लोक म्हणतील, मतासाठी दान केलं.” निवडून आलात, तिनं परत विचारलं. “आता खुर्चीवर हाय. लोक म्हणतील, एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं पालिकेकडनं काढून घेणार.” पुढची निवडणूक हरलात. “आता केलं तर म्हणतील, हरला म्हणून पुण्य करायला निघाला.” आई कपाळाला हात लावून म्हणाली, “मग लोकांना विचारून मुहूर्त तरी काढा की.” आम्ही सगळे हसलो होतो. तुम्हीसुद्धा. अप्पा, अख्ख्या तालुक्याचे कागद करून देणारा माणूस तुम्ही, आणि स्वतःच्या एका कागदाला तुम्हाला अख्ख्या आयुष्यात मुहूर्त सापडला नाही.

मग ती येळवस, रानात जेवायची वेळ अमावास्या. रानात कडब्याची कोप केलेली, आत पाच पांडवांचे दगड मांडलेले, आईनं भज्जी आणि आंबील आणलेली. तुमची तब्येत खालावलेली, तरी तुम्ही आलात. जेवताना तुम्ही दोन्ही भावांकडं बघून म्हणालात, “रस्त्यावरची जागा पोरींची. कळलं का?” थोरला म्हणाला, “व्हय अप्पा.” धाकट्याच्या तोंडात घास होता, त्यानं मान हलवली. तुम्हाला तेवढं पुरलं. तुम्ही आंबिलीचा लोटा तोंडाला लावलात आणि ज्वारीच्या कणसांबद्दल बोलायला लागलात. मी तिथंच होते, हातात द्रोण धरून. माझ्या मनात आलं होतं, कागद कुठाय म्हणून विचारावं. पण सणाचा दिवस होता, तुम्ही बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवत होता. संक्रांत यायच्या आत तुम्ही गेलात.

आई होती तोवर कुणी तोंड उघडलं नाही. उताऱ्यावर आम्हा सगळ्यांची नावं लागली, पोरी येत राहिल्या, वसतिगृह मी चालवत राहिले. मग रस्ता चौपदरी झाला, आजूबाजूला हॉटेलं आली, दवाखाने आले, ट्रकांच्या रांगा लागल्या, आणि आपली जागा सगळ्यांच्या डोळ्यात भरली. गेल्या वर्षी आई गेली. तिचं सगळं उरकल्यावर थोरला पुण्याला परत जायच्या आधी म्हणाला, “अक्का, त्या जागेचं आता काहीतरी बघायला पाहिजे.” मी त्या दोघांना ह्याच बैठकीत बसवलं. येळवशीची आठवण करून दिली. “तुम्ही दोघं व्हय म्हणाला होतात अप्पांना,” मी म्हटलं. धाकटा इथंच असतो, ट्रक आहेत त्याचे, तुमच्यासारखाच तडकाफडकी बोलतो. तो म्हणाला, “म्हणालो आसंल. कागद कुठाय, अक्का?”

त्याला टोमणा मारायचा नव्हता. तुमचंच वाक्य आहे हे त्याच्या ध्यानीमनीही नसेल, लहानपणापासून कानावर पडून त्याचं झालेलं. मी मात्र तुमच्या ह्या खुर्चीकडं बघितलं. मग तो जरा नरमला आणि म्हणाला, “अप्पांनी गावासाठी लई केलं, मी न्हाय म्हणतच न्हाय. आमच्यासाठी काय केलं, तेवढं सांग. एक सांग.” मी सांगायला गेले आणि सुचेना, अप्पा. तुम्ही आम्हाला काय दिलंत म्हटलं, तर आम्ही तुमची पोरं आहोत, एवढंच दिलंत. ते मला पुरलं. त्यांना नाही पुरलं, आणि न पुरल्याबद्दल मी त्यांना दोषही देऊ शकत नाही.

वाटणीची नोटीस आली ती तुमच्याच हाताखाली शिकलेल्या वकिलाकडून. पाठवायच्या आधी त्यानं फोन केला, “अक्का, मी न्हाय घेतलं तर दुसरा कुणी घेईल, आणि तो तुम्हाला वेडंवाकडं लिहील.” नोटीस वाचली. एक शब्द जास्त नाही, एक शब्द कमी नाही, तुमचीच घडण. तोंडी दिलेली जागा कायद्यात टिकत नाही, नोंदलेला कागद लागतो, हे त्यानं मला लिहून कळवलं, जसं काही मला माहीतच नाही. कायदा त्यांच्या बाजूनं होता. पण दावा लांबवता आला असता. माझा तिसरा हिस्सा धरून मी बसले असते तर माझी हयात त्यात सहज गेली असती, आणि तोवर पोरी राहिल्या असत्या. असा माझा हिशेब होता. तो चुकला.

धाकट्यानं मोजणीवाले आणले. त्यांनी विहिरीपासून फाटकापर्यंत चुन्याच्या रेघा मारल्या, बस्स, तेवढंच केलं. पोरींनी सुट्टीला घरी जाऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून आई-बाप यायला लागले. भांडायला नाही, पोरी न्यायला. तुमच्या त्या पहिल्या, मेंढपाळाच्या पोरीचा भाऊ, त्याची मुलगी नववीला होती आपल्याकडं. तो फाटकाबाहेरच उभा राहिला. आत या म्हटलं तर येईना. “बाई, राग धरू नका. साहेब आसते तर म्या पोरगी न्हेली नसती. पन कज्ज्यातली जागा हाय आता. उद्या कोन कुलूप लावंल, कोन मानसं घिऊन यील, आन् आत आमच्या वयात आलेल्या पोरी. काय झालं तर म्या कुनाला तोंड दावू?” मी म्हटलं, “मी आहे ना इथं.” तो खाली बघून म्हणाला, “तुमी हाव, व्हय. पन तुमचेच भाऊ हाईत समोर.” मुलगी पेटी घेऊन बाहेर आली. मी विचारलं, शाळेचं काय करणार. ती बापाकडं बघत राहिली. त्यानंच उत्तर दिलं, “बघू की. आत्ता सोयरीक बी आलीया एक.” अप्पा, मी वकील आहे, मुलीच्या लग्नाच्या वयाचं कलम त्याला तिथंच ऐकवलं. तो हात जोडून “व्हय बाई, व्हय बाई” म्हणत राहिला आणि तिला घेऊन गेला.

अशा एकेक करून सगळ्या गेल्या. निकाल लागला नाही, दावासुद्धा दाखल झाला नाही, नुसत्या चुन्याच्या रेघांनी तुमचं वसतिगृह बंद पाडलं. स्वयंपाकीणबाई तरी दोन दिवस चूल पेटवत राहिली, कुणी परत येईल म्हणून. मी अडवून धरायचं ते कुणासाठी? रिकाम्या खोल्यांसाठी?

गेल्या आठवड्यात निबंधक कचेरीत जाऊन मी विक्रीला संमतीची सही केली. अंगठा यंत्रावर ठेवला, फोटो काढला. बाहेर आम्ही तिघं भावंडं चहा प्यायला थांबलो, तर तिथले म्हातारे दस्तलेखनिक मला ओळखून उठून उभे राहिले. “वकीलसाहेबांच्या लेक ना तुमी? तसा मानूस होनं न्हाय. सगळं राजकारण केलं, पन नावाला डाग लागू दिला न्हाय.” भाऊसुद्धा मान खाली घालून ऐकत होते. मीही मान हलवली. तुम्हाला जे हवं होतं ते तुम्हाला मिळालं, अप्पा. अजून कुणी तुमच्याकडं बोट दाखवत नाही. मी एकटीच दाखवते, आणि तेही इथं, कागदावर. एक डाग लावून घेतला असता तर? म्हणू दिलं असतं लोकांना मतासाठी केलं म्हणून? चार दिवस म्हणाले असते आणि विसरले असते, आणि ती नववीची पोरगी आज दहावीला बसली असती.

मला वाटलं होतं, सही करून घरी आल्यावर रडू कोसळेल. नाही आलं. मला हलकं वाटलं. मी गरम वरण-भात करून पोटभर जेवले आणि दुपारी अशी गाढ झोपले, जशी तुम्ही गेल्यापासून एकदाही झोपले नव्हते. उठल्यावर आधी तुमच्या फोटोकडं बघायचं टाळलं, मग बघितलं, तरी काही वाटलं नाही. हे भावांना सांगितलं तर ते म्हणतील, बघ, तुलासुद्धा नकोच होतं ते ओझं. गावाला तर सांगायची सोयच नाही. तुम्ही नाही आहात म्हणून हे पत्र पाठवायचा प्रश्न येत नाही, असं मी मघापासून स्वतःला समजावतेय. पण तुम्ही आज समोर बसलेले असता, तरी हे मी तुमच्या हातात दिलं नसतं.