बाबांच्या काठ्या

ती. आईला वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. लॉन्ड्रीत आता मला चादरींच्या इस्त्रीला लावलंय, त्यामुळे पाय ओले राहत नाहीत. तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिना चढउतार करू नकोस.

परवा फोनवर तू म्हणालीस, बाबा गेल्यापासून बँडची तालीम ड्रमशिवायच चाललीय. गेलेल्याच्या काठ्यांनी पहिलं गाणं वाजवायचं आणि मगच त्याच्या खुर्चीवर बसायचं, ही बँडची रीत. बाबांच्या काठ्या सापडत नाहीत म्हणून नवा ड्रमवाला उभाच आहे. क्लॅरिनेटवाल्या काकांनी म्हणे आपला माळाही पालथा घातला. मी नुसतं "हो का" म्हटलं.

आई, काठ्या माझ्याकडे आहेत. निघताना स्वेटरमध्ये गुंडाळून आणल्या. मागितल्या असत्या तर तू दिल्याच असत्यास, आणि म्हणूनच मागायचा धीर झाला नाही.

एक तरी ठेवून घ्यावी असं फार वाटलं. पण टाळीलाही दोन हात लागतात, असं बाबाच म्हणायचे. दोन्ही पाठवतेय. काकांना माझं नाव सांग, पांघरूण घालू नकोस.

डाव्या काठीला बाबांच्या अंगठ्याने खळगा पडलाय. रोज कामावर निघताना मी त्यात माझा अंगठा ठेवायचे. नव्या ड्रमवाल्याला यातलं काही सांगू नकोस. त्याचा अंगठा आपोआप तिथेच जाईल.

तुला न विचारता घेणारी,
तुझी धाकटी