तीन काडतुसं पुरेत

१९ ऑगस्ट, मंगळवार

नाही म्हणजे नाही! परवान्यावर माझं नाव आहे आणि माझंच राहणार.

आज शिकारीच्या सोडतीचं पत्र आलं. पाच वर्षांनी नंबर लागला — नर किंवा मादी, घोड्याहून थोराड ते रानहरीण, कुठलाही एक मूस. खाली आम्हा दोघांची नावं: मेल्व्हिना बजेल, हेडली बजेल. मी नाचायचीच बाकी होते. हेडलीने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "यंदा तुझ्या जागी सेल्बीचं नाव घालू या का?"

सेल्बी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. मूस मी मारते, हेडली कापतो आणि खांद्यावरून वाहून आणतो. आमची वाटणी ही. सेल्बी यात कुठून आला?

"माझ्या हातामुळे ना?" मी विचारलं. तो कपात बघत बसला.

उजव्या हाताचा अंगठा दोन वर्षांपूर्वी मासळीच्या कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात गेला, ऐन खेकड्यांच्या मोसमात. पार मुळापासून. बाकी चार बोटं शाबूत आहेत. चार पुष्कळ झाली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बाबांची जुनी तीनशे तीनची बंदूक काढली. वरून एकेक काडतूस आत दाबायचं — कशाने? उजव्या अंगठ्याने, डावा हात बंदूक धरण्यात गुंतलेला. स्प्रिंग अशी कडक की तळव्याने दाबलं तर काडतूस उडून चुलीखाली गेलं. चाप अडवणारी सेफ्टीची कळसुद्धा मागे डावीकडे, तीही अंगठ्याचीच. तीन वेळा प्रयत्न केला आणि रडले. कुणी नव्हतं घरात म्हणून मोठ्याने रडले.

मग बंदुकीला तेल लावून ठेवून दिली. ती दहा बोटांच्या माणसांसाठी केली आहे, तिचा काय दोष.

२३ ऑगस्ट, शनिवार

बेझलच्या बंदुकांच्या दुकानात गेले. बेझल म्हणतो, "बायकांसाठी हलकीफुलकी आलीय बघ, दस्ता गुलाबी!"

"तुझ्या बायकोला दे," म्हटलं. "पहिली गोळी कुणाला घालते ते आम्ही बघू."

सेल्बी तिथेच काउंटरला टेकून उभा. "वहिनी, उगाच कशाला त्रास? मी मारतो की. मांस तुझंच."

मांस माझंच! गेल्या हिवाळ्यात कुणीकुणी दाराशी मांसाच्या पुड्या आणून ठेवल्या. म्हाताऱ्यांना, विधवांना, आजाऱ्यांना ठेवतात तशा. सगळे प्रेमाने ठेवतात, मीही ठेवते. पण पुडी उचलायला वाकलं ना, की कळतं आपण कुठल्या रांगेत जाऊन बसलो ते. मला त्या रांगेत बसायचं नाही.

एक वापरलेली तीनशे आठ घेतली. साधी, मागचा बोल्ट ओढून चालवायची. काडतुसांचं मॅगझिन खालून निघतं. म्हणजे स्वयंपाकघरातल्या टेबलावर, डाव्या हाताने, चहा पीत भरता येतं! सेफ्टी बोल्टच्या शेजारी. तर्जनीच्या पेराने ढकलली तर हलते. दुकानातच पन्नासदा हलवून बघितली. बेझलला कंटाळा आला. येऊ दे.

२६ ऑगस्ट, मंगळवार

मॅगझिनवरून डोकं पिकलं. दोन आहेत. एक दहा काडतुसांचं, एक तीनचं.

दहाचं खाली वीतभर लोंबतं. धरून ओढायला सोपं, पण नेमकं बंदूक उचलायच्या जागी येतं. अंगठा नाही, म्हणजे मी बंदूक चार बोटांच्या आकड्यात अडकवून चालते — त्या आकड्यात ही धोंड. तीनचं पोटाशी सपाट बसतं, हातात मस्त मावतं. पण काढायचं तर चिमटीत धरावं लागतं. आणि चिमूट म्हणजे परत अंगठा आलाच!

सेल्बी येऊन टेबलावर शहाणपण सांडून गेला. "तुझा हात असा, तू तर दहाचंच घे. एक चुकली तरी नऊ."

"मूसला एक लागते," म्हटलं. "उरलेल्या दोन मला धीर यावा म्हणून. बाकीच्या सात तुझ्यासारख्यांसाठी."

हेडली हसला नाही. एरवी सेल्बीला टोमणा बसला की तो पोट धरून हसतो.

२७ ऑगस्ट

जमलं! तीनच्या मॅगझिनच्या तळाला जाळ्याच्या दोऱ्याचा फास केला, आईने शिकवलेल्या गाठीचा. खटका दाबून करंगळीने फास ओढला की मॅगझिन हातात. डोळे मिटून वीस वेळा काढलं आणि घातलं.

३० ऑगस्ट, शनिवार

दगडाच्या जुन्या खाणीत गेलो नेम धरायला. बंदुकीवर आधीच्या मालकाची लांबलचक दुर्बीण होती, सोळा पट मोठं दाखवणारी. हेडली गाडीतच बसून राहिला. "तू मार, मी इथून बघतो." इथून म्हणजे पाठीमागून! बघायचंच नव्हतं त्याला.

पहिली गोळी. दस्त्याला अंगठ्याची मिठी नाही, त्यात दुर्बीण जवळ बसवलेली. धक्क्याने बंदूक मागे आली आणि दुर्बिणीची कड थेट भुवईवर. रक्त डोळ्यात. हेडली गाडीतून उतरून आला, तो इतका धापा टाकत की जसं त्यालाच लागलंय.

"बास झालं, मेल."

"बास तू हो," म्हटलं. चिंधी बांधली आणि आणखी दोन मारल्या. दोन्ही कुठे गेल्या देवाला ठाऊक.

३१ ऑगस्ट, रविवार

भुवईवर अर्धचंद्र, डोळा काळानिळा. चर्चमध्ये बायका माझ्याकडेच बघत. शेजारच्या ट्रिफीने बाहेर कोपऱ्यात ओढून विचारलं, "हेडलीने हात उचलला का गं?" मला हसू आवरेना, तिला वाटलं हुंदकाच. बिचाऱ्या हेडलीला आता गावभर सांगत फिरावं लागणार, मी नाही, दुर्बिणीने मारलं!

२ सप्टेंबर, मंगळवार

बेझलकडे दुर्बीण बदलली. दोन ते सात पटीची, आखूड, हलकी. डोळा चार बोटं लांब ठेवला तरी चित्र पूर्ण दिसतं. चार बोटं — माझ्याच मापाची!

सेल्बीला हसू आलं. "सात पट? वहिनी, ही काय नाटकाला न्यायची का?" त्याच्या स्वतःच्या बंदुकीवर हे एवढं नळकांडं आहे. त्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतील, पण आपल्या झाडीत साठ पावलांवर मूस उभा राहिला तर नुसते तपकिरी केस दिसतात. तो पोटाचा की मानेचा, ओळखत बसा. गेल्या वर्षी तो असाच ओळखत बसला आणि मूस निघून गेला. हे मी त्याला चारचौघांत ऐकवलं.

कड्या सैल करून दुर्बीण आणखी बोटभर पुढे बसवली.

६ सप्टेंबर, शनिवार

शंभर पावलं. तीन गोळ्या. तिन्ही बशीएवढ्या जागेत!! भुवईला काही नाही.

नेमाचा कागद नाचवत गाडीपाशी गेले. हेडलीने कागद बघितला, बराच वेळ बघितला. "आता तू मारणारच," म्हणाला. आनंदाने नाही म्हणाला. मला इतका राग आला की गाडीचं दार आपटून बसले.

११ सप्टेंबर

हेडलीने हिवाळ्याची लाकडं अजून फोडलेली नाहीत. दरवर्षी ऑगस्टमध्ये भिंतीला रास लागते. काही बोलले तर म्हणतो, "बघू." बाई बंदूक घेऊन रानात निघाली म्हणून याचं कामावरून मनच उडालं की काय!

१३ सप्टेंबर, शनिवार

मोसम उघडला. सकाळी सेल्बी रानात चालणारी त्याची चारचाकी क्वाड घेऊन दारात हजर. हेडलीनेच बोलावलेला. "नुसता सोबतीला येतो, वहिनी."

मी दारात उभी राहिले. "मी आणि माझा नवरा. तिसरं कुणी आलं तर मी परवाना चुलीत घालीन." खरंच घातला असता. सेल्बी गेला. हेडली पायरीवर बसून बूट बांधत होता, एक बूट बांधायला याला पाच मिनिटं लागली.

काही दिसलं नाही.

२० सप्टेंबर

धुकं. दुर्बिणीत नुसतं दूध.

२७ सप्टेंबर

एक मादी, पाठमोरी, पिल्लू मागे. सोडली. हेडलीने सुटकेचा सुस्कारा टाकला — मला ऐकू आला. भित्रा मेला!

४ ऑक्टोबर, शनिवार

हे नीट लिहायचं आहे.

आमची क्वाड वाटेच्या टोकाला ठेवून दलदलीतून तीन किलोमीटर आत गेलो. मी पुढे, तो मागे. ओढ्यापलीकडच्या झुडपात नर उभा होता. सत्तर पावलं, आडवा, वारा आमच्याकडे. साडेचारशे किलोचं धूड, आणि दुर्बिणीत सगळं दिसत होतं: खांदा, खांद्यामागची घडी, श्वासाची वाफ. पेराने सेफ्टी ढकलली. आवाजसुद्धा नाही. सगळं इतकं जमून आलं होतं!

चाप ओढायच्या आधी मी नेहमी मागे बघते, हेडलीने कानात बोटं घातली का ते. घातली नव्हती. तो ओल्या शेवाळात बसला होता. तोंड राखेसारखं, ओठ निळे, एक हात कोटाच्या आत छातीवर. दुसऱ्या हाताने मला खुणावत होता — मार, मार.

मी मूसकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मूस पडला की हा उठणार. सुरी काढणार, चार तुकडे करणार, एकेक खांद्यावर घेणार आणि तीन किलोमीटर दलदल सात वेळा तुडवणार. मी सांगितलं तरी थांबणार नाही. सव्वीस वर्षांत याने रानात मांस टाकलेलं नाही.

सेफ्टी मागे ओढली. मॅगझिन काढलं, नळीतलं काडतूस काढलं. बोल्टचा आवाज झाला तसं मूसने मान वर केली, आम्हाला बघितलं आणि सावकाश निघून गेला.

"अगं काय केलंस हे!" हेडली म्हणाला. मग कोटातल्या डबीतून औषधाची गोळी काढून जिभेखाली ठेवली. मला कधी न दिसलेली डबी!

तासभर तिथेच बसलो, तेव्हा सगळं बाहेर आलं. फेब्रुवारीत डॉक्टरने सांगितलंय, हृदय थकलंय, जड काही उचलायचं नाही. सेल्बीने मारला असता तर सेल्बीनेच वाहिला असता, कुणाला काही कळलं नसतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"घरात एक मोडकं माणूस पुरे, असं वाटलं."

मला त्याच्या कानाखाली एक लावून द्यावीशी वाटली. हात धरून बसले.

लाकडं, खाण, तो बूट. माझ्या हातावर त्याचा संशय कधी नव्हताच. मी नेम चुकणार नाही, याचीच त्याला खात्री होती. तेवढ्यासाठी घाबरला होता. आणि मी सेल्बीला दारातून हाकललं.

मंगळवारी गँडर शहरात डॉक्टरकडे. मी गाडी चालवणार. सेल्बीला कळू द्यायचं नाही, एवढंच त्याने मागितलं.

५ ऑक्टोबर, रविवार

सेल्बी जेवायला आला. "काय वहिनी, दिसला का?"

"दिसला. सत्तर पावलांवर. आडवा."

"मग?"

हेडलीने काटा खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

"माझा हात चालला नाही," मी म्हटलं.