नकोचा भाव

३ जून
आज पुन्हा नकोचा भाव सांगितला. बाबांची शिकवण — काम नको असलं तरी गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, तिप्पट सांगायचं. ते आपणहून उठतं.
रंगारी होता. कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे, आणि बसला नेमका माझ्या स्वच्छ खुर्चीवर! मुलीचा एक पाय दोन बोटं आखूड आहे. सोळा तारखेला ती नोकरीवर रुजू होणार, तर बूट असे हवेत की कुणी पायांकडे बघू नये. म्हणजे दोन वेगळे साचे, एक तळ आतून चढवायचा — आठवडाभर डोकेदुखी. शिवाय वाटलं, याला काय परवडणार! सांगितला तिप्पट.
"बरं," म्हणाला. अर्धे पैसे तिथेच काढून ठेवले.

४ जून
बाबांना सांगितलं. हसले. "नकोचा भाव पावला की तुला!" मला नाही हसू आलं.

७ जून
मुलगी माप द्यायला आली. मोजा काढायच्या आधी दाराकडे पाहून घेतलं. बोलकी आहे. सहज सांगून गेली, तिचे बाबा हल्ली रविवारीही कामावर जातात, चहासुद्धा सोडलाय, म्हणतात पित्त होतं.
मी मान खाली घालून पेन्सिल फिरवत राहिले. भाव कमी करते म्हणावं, तर आधी तेवढा का सांगितला हेही सांगावं लागणार. जीभ रेटेना.

१२ जून
त्या भावाला शोभेल असं करायला निघाले आहे. ठेवणीतलं चामडं काढलं, टाके दुहेरी घातले, उंच तळ उसवून पुन्हा बसवला. काहीही केलं तरी हिशेब दीडपटीच्या पुढे सरकत नाही. स्वतःचीच समजूत काढतेय, दुसरं काय.

१५ जून
दोघं बूट न्यायला आली. मुलगी दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली, मग उगाच आणखी एकदा. रंगारी तिच्या पायांकडे बघतच नव्हता, चेहऱ्याकडे बघत होता. बसा म्हटलं, तर खिशातला कागद खुर्चीवर पसरून मग बसला — म्हणजे त्या दिवशीची माझी नजर त्याने टिपली होती! उरलेले पैसे दिले. आणि मी घेतले. घेतले!

१७ जून
जास्तीचे पैसे पाकिटात घालून दोनदा निघाले. दोनदा कोपऱ्यावरून परत.

१८ जून
गेले. तो शिडीवर होता. खालूनच सगळं सांगून टाकलं. उतरला, हात पुसून पाकीट घेतलं. म्हणाला, मला तेव्हाच कळलं होतं, ताई. उंच जिन्याचं काम नको असलं की मीही असाच भाव सांगतो.
मग कबूल का झालात, विचारलं.
"तुमच्याआधी दोघांनी सरळ नाही म्हटलं होतं. तुम्ही निदान आकडा सांगितलात. आकडा भरता येतो."