बॉनेटवरचा ओरखडा

३ फेब्रुवारी

आज गाडीत बसले! बसले कसली, टेकले. तेवढ्यात मालक ओरडले, "तिथे नको, सूनबाई! शिवण ओरिजिनल आहे." पायरीवर उभी राहिले, तर पायरीचं रबर ओरिजिनल. शेवटी जमिनीवर उतरले. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

मालक म्हणजे माझे होणारे सासरे. त्यांच्या गल्लीत सगळेच त्यांना मालक म्हणतात. मालकी एकाच वस्तूची – ही दुधी रंगाची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली गाडी. तिला ऊन चालत नाही, धूळ चालत नाही, माणसं तर नाहीतच. नाकापेक्षा मोती जड! पण हे मी फक्त इथेच लिहायचं. मे महिन्यात लग्न आहे.

७ फेब्रुवारी

जुन्या गाड्यांच्या मासिकात सगळ्या गाडीमालकांवर मोठा लेख येणार आहे. त्यासाठी मैदानावर फोटो काढले. मलाही बोलावलं होतं. फोटोत कुटुंब हवं म्हणे.

काय ती माणसं! नमस्कार झाला की लगेच एकमेकांच्या गाडीखाली वाकून बघतात.

"तुमचा हॉर्न जरा नवा वाजतो हो."

"हॉर्न तोच आहे. तुमचे कान जुने झाले."

हिरव्या गाडीवाले आपली गाडी टेम्पोवर चढवून घेऊन आले. चालवत का नाही आणली, असं मी विचारलं. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मी एखाद्याच्या आजारी आईला पळायला सांगितलं. ते म्हणाले, "मी हिला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. बायकोलासुद्धा नाही." बायको शेजारीच होती. "लावायचाय कुणाला?" ती म्हणाली.

मग मासिकाचे संपादक वही घेऊन मालकांपुढे उभे राहिले. मालकांनी बॉनेटवरचा ओरखडा दाखवला. "माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी फाटकाला घासली. मी कधी रंग लावू दिला नाही. खरचटलेलं तसंच ठेवायचं! वरून खोटा रंग चढवला की गाडी मेली." एकेकाने येऊन ओरखड्यावरून बोट फिरवलं.

मी हसायला आले होते, पण हे मनाला भिडलं. बाबांच्या मनगटावर इस्त्रीचा चटका आहे, जुना, काळा पडलेला. कुणी आलं की ते बाही खाली ओढतात. वाटलं, या घरात नाही ओढावी लागणार.

१० फेब्रुवारी

माझ्या होणाऱ्या नवऱ्याची ओळख मालक सगळ्यांना "हे आमचे चिरंजीव" अशी करून देतात, म्हणून मीही इथे चिरंजीवच लिहिते. तर चिरंजीवांनी आज चहा पिताना सांगितलं – ते बॉनेट नवीन आहे! जुनं गंजून गेलं, तेव्हा दुसरं बसवलं. मग जुना फोटो समोर ठेवून पेंटरकडून त्यावर तसाच ओरखडा पाडून घेतला. पहिला फारच सरळ आला, म्हणून बुजवून परत पाडला.

आणि त्यावरून सगळ्यांनी बोटं फिरवली! मी इतकी हसले की चहा सांडला.

"शप्पथ आहे तुला, कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला.

नंतर कामावर, लॅबमध्ये, हसू आपोआप गेलं. रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना प्रत्येक नाव पुन्हा पुन्हा वाचत बसले. चिठ्ठी एकाची आणि रक्त दुसऱ्याचं, याची मला स्वप्नं पडतात. या लोकांना पडत नसतील?

२ मार्च

मासिक आलं. वाचलं. पर्समध्ये कोंबलं.

३ मार्च

उतरवून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. "होणाऱ्या सूनबाईंच्या घरी तीन पिढ्यांची विद्येची परंपरा आहे. वडील वस्त्रोद्योगात आहेत."

वस्त्रोद्योग! बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात उभे राहून लोकांच्या शर्टांना इस्त्री करतात. विद्येची परंपरा माझ्यापासून सुरू होते आणि सध्या माझ्यापाशीच संपते. आईबाबांना सही येते, तीही मीच शिकवलेली.

चिरंजीवांना फोन केला. "अगं, पप्पांनी थोडं पॉलिश केलं. कपड्यांचाच धंदा ना? खोटं कुठे आहे?"

मला उत्तरं नेहमी फोन ठेवल्यावर सुचतात.

४ मार्च

आई-बाबा हात धुऊन समोर बसले. "वाच. आपलं काय लिहिलंय?"

आमच्या घरात शाळेत असल्यापासून मीच वाचते. वीज तोडायची नोटीस, आजीचा रिपोर्ट – एक शब्दही कधी इकडचा तिकडे केला नाही. त्याचा मला गर्व होता. आणि आज वाचलं, "सूनबाईंचे वडील इस्त्रीचं दुकान चालवतात. मुलीला त्यांनी कष्टाने शिकवलं."

बाबांनी पान हातात घेऊन बघितलं. मग म्हणाले, "असं छापलं? सरळ? मोठी माणसं आहेत हो!" आईने डोळे पुसले.

मी व्याह्यांची अब्रू वाचवली! माझ्यासारखी शहाणी मीच.

५ मार्च

बाबांनी ते पान दुकानात लावलं. इस्त्रीच्या टेबलाच्या वर, सगळ्या गिऱ्हाइकांना दिसेल असं. आता कुणी शर्ट न्यायला आलं की त्याची नजर पानाकडे जाते का, ते बघत बसते.

९ मार्च

आलंच ते. शिकवणीवाले मास्तर पँट न्यायला आले आणि मोठ्याने वाचून हसले. "काय हो, कारखाना कधी काढला?"

बाबांनी पान काढून घरी आणलं. माझ्यापुढे ठेवलं. "आता जसं आहे तसं वाच."

वाचलं. सगळं, एक शब्दही इकडचा तिकडे न करता.

बाबा म्हणाले, "तू पहिल्यांदा चुकीचं वाचलंस." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

जेवण झाल्यावर आपणच म्हणाले, "तो वस्त्रोद्योगवाला कोण, कुठला, मला माहीत नाही. पण त्यांना तोच व्याही हवाय, तर मुलगीही त्याचीच करा म्हणावं." आई हसायला लागली आणि मग थांबेचना. मग मीही.

पान घडी घालून ठेवताना बाबांची बाही वर सरकली होती. त्यांनी ओढली नाही.

११ मार्च

मालकांकडे गेले. सरळच बोलले. पुढच्या अंकात दोन ओळींची दुरुस्ती छापून आणा, बाकी कशाबद्दल मी गप्प बसेन, लग्न ठरल्याप्रमाणे होईल.

मालक गाडी पुसत होते. "सूनबाई, एक दुरुस्ती छापली की लोक बाकीचाही लेख तपासायला बसतील. तो हिरव्या गाडीवाला टपूनच बसलाय!"

"म्हणजे माझ्या बाबांनी वस्त्रोद्योगातच राहायचं?"

"लग्नात कोण विचारतंय! त्यांना एक चांगला कोट शिवून देऊ."

चिरंजीवांकडे पाहिलं. ते आरसा पुसत होते. गाडीचा.

अंगठी काढून बॉनेटवर ठेवली. "अगं, रंग!" दोघं एकदम ओरडले आणि फडकं घेऊन धावले. माझ्यामागे कुणी आलं नाही.

१४ मार्च

मासिकाच्या संपादकांना फोन केला. माझे वडील काय करतात ते सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं. मग विचारलं, "लेखात अजून काही चूक?"

शपथ त्याने घातली होती. मी घेतली नव्हती.

म्हटलं, "बॉनेट."