जिन्याखालचा बाक

ती. आईस,

नमस्कार. तू गेल्यावर पत्र टाकायचं कुठे? हे माझ्या शिलाई मशीनच्या खणातच राहील.

आपला मॉल आज बंद झाला. उद्घाटनाला मुंगी शिरायला जागा नव्हती, आठवतं? पुढे थिएटर गेलं, मग चपलांचं दुकान. शेवटी वरच्या मजल्यावर माझं अल्टरेशनचं दुकान तेवढं उरलं. तू डबा घेऊन यायचीस आणि सरकत्या जिन्याखालच्या बाकावरच बसायचीस. "वर ये की," म्हटलं तर, "तो जिना पाय ओढतो बाई. मी इथंच बरी." मी चिडायचे. लेकीचं दुकान एकदा बघायला काय होतं हिला? डबा घ्यायचे आणि धावत वर जायचे.

आज वीज तोडल्यावर त्याच थांबलेल्या जिन्यावरून उतरले आणि हमालाची वाट बघत तुझ्या बाकावर टेकले. सहज वर पाहिलं. कठड्याच्या काचेतून माझं मशीन, माझं स्टूल, सगळं समोर. बाकीच्या बाकांवर बसून पाहिलं, तिथून यातलं काहीच दिसत नाही.

डबा दिल्यावरही तू तासभर बसून असायचीस. मी मशीनवरून एकदा जरी मान वर केली असती, तर दिसली असतीस.

तुझी,
धाकटी