बटण दाबा, हाका मारू नका

नागपूर
२२ नोव्हेंबर २००२

ती. बबिताबाईस,
शि. सा. न. वि. वि. बापूंना आणि याडीला, दोघा आईबापांना, माझा दंडवत सांग.

तुझ्या अंगणवाडीतली पोरं आता 'क' सरळ काढतात का, की बाईसारखाच लंगडा? रागावू नकोस, तुझी चेष्टा केल्याशिवाय मला पत्र लिहिता येत नाही.

कापसाच्या जिनिंगच्या मालकांचा फोन आला होता. बापू पहाऱ्यावर अजून लोखंडी घंटा वाजवून बघतात म्हणे. मला फार लाज वाटली. आगीची वर्दी देणारं मशीन मीच बसवलं, बापूंचा अंगठा धरून बटण दाबायला शिकवलं. बटण दाबलं की मशीन टेलिफोनच्या तारेवरून नागपूरला आमच्या ऑफिसात फोन लावतं, आमचा माणूस पुसदचा बंब बोलावतो. घंटा वाजली की अख्खा तांडा धावत येतो, कापूस तुडवतो, आणि मालकांच्या मते थोडा घरीही नेतो. घंटा काढून टाका, असं मीच मालकांना सांगितलं. मशीन बसवताना सांगितलं तेच बापूंना पुन्हा बजाव, हाका मारायच्या नाहीत, बटण दाबून तिथंच उभं राहायचं.

इथं मान वर करायला फुरसत नाही. टेलिफोनचं नवं डिजिटल एक्स्चेंज आलं आणि आमच्या ऑफिसच्या नंबराआधी दोन हा आकडा लागला. मशीनला हे कळत नाही, ते जुनाच नंबर फिरवतं. जागोजागी जाऊन नवा भरावा लागतो. आधी इथले मोठे बंगले, महागाव संक्रांतीनंतर. तोवर बापूंना सांगू नकोस, उगाच पुन्हा घंटा टांगतील.

लोभ कमी करू नये, ही विनंती.
तुझा राजकुमार


तांडा, महागाव
१ डिसेंबर २००२

चि. राजकुमार यास,
अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले.

जिनिंग जळाली. मंगळवारी बाजारामुळे मजूर नव्हते, बापू एकटेच होते. त्यांनी बटण दाबलं आणि तू सांगितलं तसे तिथंच उभे राहिले. कोणी येईना म्हणून पुन्हा दाबलं, दाबतच राहिले. तांडा नाल्यापलीकडे. एक हाक मारली असती तर शंभर माणसं धावली असती. पत्र्यावर धूर दिसला तेव्हा देवसिंगकाका धावले. त्यांनी ओढून काढलं तेव्हाही बापूंचा अंगठा बटणावर होता. हात कोपरापर्यंत भाजला आहे, यवतमाळला दोन बोटं काढली. हाक काहून नाही मारली, असं काकांनी विचारलं. बापू म्हणाले, राजूनं नको म्हणलं होतं.

तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मी बूथवर जाऊन तुमच्या ऑफिसचा जुना नंबर लावला. एक बाई गोड आवाजात सांगत होती की कृपया नंबराआधी दोन लावा. बापू जळत होते तेव्हा ती मशीनलाही हेच सांगत होती.

मालक गावभर सांगतात, पहारेकरी झोपला होता. तू ये आणि खरं काय ते सांग. बाकी काही मागत नाही.

तुझी बहीण
बबिता


नागपूर
७ डिसेंबर २००२

ती. बाईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही.

साहेबांनी बोलावलं होतं. मशीन चालू होतं, बटण दाबलंच गेलं नाही, असा रिपोर्ट झाला. खाली माझी सही आहे. सही केली नसती तर नोकरी गेली असती, मग बापूंचा दवाखाना कोण बघणार? बापूंचं आता वय झालं. या वयात डोळा लागला असं म्हटल्यानं त्यांचं काय बिघडतं? माझं मात्र सगळं आयुष्य पुढं पडलं आहे.

तुझी जीभ तिखट आहे, म्हणून पाया पडतो. बूथवरची गोष्ट कोणाला सांगू नकोस.

लोभ असू दे, आता तर जास्तच.
राजकुमार


तांडा, महागाव
१६ डिसेंबर २००२

राजकुमार,

तुझी दोन्ही पत्रं मी बापूंना वाचून दाखवली, एकही ओळ गाळली नाही. ते शिव्या देतील, अशी मला आशा होती. त्यांनी याडीकडून फेटा बांधून घेतला आणि तांड्याच्या नायकाच्या दारी गेले. तांडा जमवायला लावला.

आपल्या घरानं पिढ्यान् पिढ्या माल वाहणाऱ्या लदेणीच्या बैलांवर, मिठाच्या गोण्यांवर रात्र रात्र पहारा केला. त्या घरच्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं, मले झोप लागली होती, पोराचं मशीन चांगलं होतं. देवसिंगकाका खाली मान घालून बसले. मी बोलायला उठले, तर बापूंनी त्या पट्टी बांधलेल्या हातानं मला खाली बसवलं. त्या हातानं! त्यांना किती दुखलं असेल, याचा विचार कर.

आता ते रस्त्यानं निघाले की पोरं घोरून दाखवतात. माझ्या अंगणवाडीतलीही आहेत त्यात. 'क' अजून लंगडाच काढतात, घोरणं मात्र छान जमतं. बापू हसतात आणि पुढं जातात. मला ते हसणं बघवत नाही.

त्यांनी तुला लिहायला सांगितलं आहे की जेवण वेळेवर कर. आणि विचारलं आहे, बंगले झाले का सगळे?

बापूंचा लोभ तुझ्यावर होता तेवढाच आहे. माझा मागू नकोस.

बबिता